पंगत न थांबवता वाढपी वाढवायचा तर...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती आपल्या घरातल्या, कचेरीतल्या, बँकेतल्या प्रत्येक संगणकात असते. पण तिचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नसते. तिला म्हणतात फर्मवेअर. संगणक चालू असताना, त्याचे काम क्षणभरही न थांबवता, त्यात आणखी एक प्रोसेसर जोडता येतो का, आणि येत असेल तर त्यात या फर्मवेअरचा हात किती, हे आज पाहू.

विषय रुक्ष वाटेल. म्हणून आधी एक आठवण सांगतो.

गोष्ट २००५च्या उन्हाळ्यातली. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक कक्षात मी कामाला होतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण चूक रुग्णालयाची नव्हती, आमची होती. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, औषधांचा साठा, सगळे एकाच सर्व्हरवर चाले. सकाळी दहाच्या सुमारास खिडक्यांवर गर्दी झाली की तो सर्व्हर धापा टाकू लागे. त्यात प्रोसेसर बसवण्याच्या दोन जागा होत्या आणि एक रिकामी होती. दुसरा प्रोसेसर आणला की काम भागेल, असे ठरले. रात्री एक वाजता यंत्र बंद करायचे, प्रोसेसर बसवायचा, तीन वाजता सुरू करायचे. दोन तासांचे काम, असे मीच लेखी कळवले होते.

एक वाजता बंद केले. प्रोसेसर बसवला, बटण दाबले. पंखे फिरले, तीन-चार शिट्ट्या वाजल्या आणि पडदा काळाच राहिला. नवा प्रोसेसर काढला की यंत्र सुरू होई, घातला की गप्प! प्रोसेसर खराब असेल म्हणून विक्रेत्याला पहाटे झोपेतून उठवले. शेवटी उजाडताना उलगडा झाला. प्रोसेसर ठणठणीत होता. तो आमच्या यंत्रापेक्षा थोडा नव्या घडणीचा होता आणि यंत्रातले फर्मवेअर जुने होते. आलेल्या पाहुण्याला ते ओळखतच नव्हते. नवे फर्मवेअर मिळवून, फ्लॉपीवरून ते चढवून, सगळे सुरळीत व्हायला साडेदहा वाजले.

तोवर खाली रांग फाटकाबाहेर गेली होती. नोंदणी हाताने, कागदावर चालली होती. पण जुने अहवाल संगणकात अडकलेले. आरमोरीकडून आलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या गळ्यातले ओळखपत्र पाहून जवळ आले आणि म्हणाले, "सायेब, मशीन निजली काय जी? माही यष्टी चारची हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. त्यांचा अहवाल मिळाला, पण डॉक्टरांची वेळ संपून गेली होती. त्यांना दुसऱ्या दिवशी यावे लागले. ती रात्र त्यांनी कुठे काढली, हे मी विचारले नाही. हे न विचारणे मला अजून टोचते.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. यंत्र बंद न करताच नवा प्रोसेसर जोडता आला असता तर?

श्रोतेहो, उत्तर समजून घेण्यासाठी आपण एका लग्नाच्या पंगतीत जाऊ. संगणक म्हणजे मंगल कार्यालय. प्रोसेसर म्हणजे वाढपी, प्रत्यक्ष काम करणारे हात. विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संचालन प्रणाली, हा झाला केटरर. कोणत्या वाढप्याने कोणत्या ओळीत वाढायचे, कुणी पाणी घ्यायचे, हे तो ठरवतो. आणि फर्मवेअर? तो त्या कार्यालयाचा जुना व्यवस्थापक. केटरर आज इथे, उद्या तिथे. पण या वास्तूची माहिती व्यवस्थापकालाच. पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे, कोठीची किल्ली कोणती, मागचे दार कोणत्या बाजूला उघडते, हे त्याला ठाऊक. सकाळी कार्यालयाचे कुलूप तोच उघडतो. संगणकाचे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागे होते ते फर्मवेअर, ते याच अर्थाने. पूर्वी आपण त्याला बायोस म्हणत असू. आजच्या यंत्रांत बहुधा यूईएफआय या पद्धतीचे फर्मवेअर असते. ते मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये राहते आणि वीज गेली तरी पुसले जात नाही.

आता केटररला कार्यालयाची माहिती कशी मिळणार? एक काळ असा होता की प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. १९९४मध्ये इंटेलने अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात फर्मवेअरने प्रोसेसरांची यादी एका तक्त्यात लिहून ठेवायची, असे ठरले. पण ती यादी सकाळी एकदा लिहिली की झाली. दुपारी कुणी नवा आला तर तिच्यात त्याला जागा नव्हती.

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचे मानक आणले. मूळ हेतू विजेची बचत आणि उपकरणांची मांडणी हा होता; लॅपटॉपची बॅटरी, पंखे, झोपणे-उठणे वगैरे. पण त्यात एक फार हुशारीची कल्पना होती. फर्मवेअरने नुसती यादी द्यायची नाही, तर कृतीही लिहून ठेवायच्या. म्हणजे व्यवस्थापकाने केटररच्या हाती चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्यायचा: कोठी उघडायची असेल तर असे करा, मागच्या दाराची घंटा वाजली तर तसे करा. या चिठ्ठ्या एका ठरलेल्या सांकेतिक भाषेत असतात. ती भाषा विंडोजला समजते, लिनक्सलाही समजते. चिठ्ठी व्यवस्थापकाची, पण ती वाचून कुलूप उघडतो केटरर. त्यामुळे केटररला प्रत्येक कार्यालयाची रचना पाठ करावी लागत नाही. २०१३पासून हे मानक सांभाळण्याचे काम यूईएफआय फोरम ही संघटना करते.

आता पंगत ऐन रंगात आहे. वडाभात वाढून झाला आहे, मागून दोनशे पाने आणखी बसली आहेत, आणि मागच्या दाराशी एक नवा वाढपी येऊन उभा राहिला. पुढे काय होते ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी, वर्दी. नवा प्रोसेसर जोडला गेला की यंत्रातून एक विशेष विद्युत संकेत उठतो. मागच्या दाराची घंटाच म्हणा ना. संचालन प्रणाली हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून पाहते, घंटा कोणती? त्या घंटेसाठी फर्मवेअरने लिहून ठेवलेली चिठ्ठी ती वाचते. चिठ्ठी सांगते, 'अमुक जागी काहीतरी बदलले आहे, जाऊन पाहा.'

दुसरी पायरी, चौकशी. संचालन प्रणाली त्या जागेविषयी एकेक प्रश्न विचारते आणि उत्तरे पुन्हा फर्मवेअरच्या चिठ्ठ्यांतून मिळतात. तिथे खरेच कुणी आहे का? कामाला लायक आहे का? त्याचा ओळख क्रमांक काय? आणि आणखी एक महत्त्वाचा प्रश्न: तो कोणत्या कोठीजवळ उभा आहे? मोठ्या यंत्रांत स्मृती, म्हणजे मेमरी, एकाच जागी नसते. प्रत्येक प्रोसेसराच्या जवळ तिचा एकेक हिस्सा असतो. जवळच्या कोठीतून वाढायला घेतले तर काम भराभर होते, लांबच्या कोठीत हेलपाटे घातले तर वेळ जातो. कोण कुणाच्या जवळ हे संचालन प्रणालीला आपणहून समजत नाही. तेही फर्मवेअर सांगते.

तिसरी पायरी, जागे करणे. इथे एक गंमत आहे. पीसीच्या घराण्यातला नवा प्रोसेसर, मग तो कितीही अद्ययावत असो, या क्षणी आपल्या पणजोबासारखा वागतो. पारंपरिक पद्धतीत तो १९७८ सालच्या ८०८६ या चिपच्या साध्या अवस्थेत उठतो. संचालन प्रणाली त्याला ठरावीक संकेत पाठवून उठवते, एका लहानशा आज्ञावलीच्या दाराशी उभे करते, आणि तिथून तो एकेक पायरी चढत काही क्षणांत आजच्या काळात येतो.

चौथी पायरी, मेळ घालणे. नव्याचे घड्याळ इतरांच्या घड्याळाशी जुळले पाहिजे, स्मृतीचा नकाशा तोच पाहिजे, कोणते संकेत त्याच्याकडे जाणार ते ठरले पाहिजे. हे सगळे झाल्यावरच त्याच्या हाती काम दिले जाते. शेवटी संचालन प्रणाली फर्मवेअरला पोच देते: 'आला तो गडी कामाला लागला,' किंवा 'नाही जमले, परत पाठवतो.'

नागपूरकरांना हा प्रकार नवा वाटू नये. आपल्या शेजारी कोराडीला वीजनिर्मिती संच आहेत, त्यांत ६६० मेगावॅटचे तीन. असा संच ग्रीडला जोडताना महाराष्ट्राची वीज बंद करावी लागते का? नाही. पण नुसती कळ दाबूनही तो जोडता येत नाही. त्याची फिरत ग्रीडच्या ५० हर्ट्झशी जुळवायची, दाब जुळवायचा, लहरींची लय जुळवायची, आणि नेमक्या क्षणी दोहोंची गाठ मारायची. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाच्या ग्रीडला जोडले गेले, तेही तत्त्व हेच. चालत्या गाड्याला खीळ न घालता नवे चाक जोडायचे तर आधी लय जुळली पाहिजे.

आता उलटी बाजू पाहू. वाढपी काढून घेणे हे आणण्यापेक्षा अवघड. त्याच्या हातात वरणाची बादली आहे, तो ओळीच्या मध्यावर आहे, आणि तुम्ही त्याला हाताला धरून ओढले तर काय होईल? म्हणून आधी त्याच्याकडची कामे इतरांना वाटायची, त्याच्याकडे येणारे संकेत दुसरीकडे वळवायचे, त्याने लावलेले गजर दुसऱ्याच्या हवाली करायचे, मग त्याला स्वस्थ बसवायचे. त्यानंतरच फर्मवेअरची 'बाहेर काढा' ही चिठ्ठी वाचायची आणि त्या जागेची वीज तोडायची. या क्रमात एक पायरी चुकली तर अख्खे यंत्र कोसळते. म्हणूनच विंडोज सर्व्हरच्या २००८ सालच्या काही आवृत्त्यांत प्रोसेसर जोडण्याची सोय आली, पण जोडलेला प्रोसेसर सहज काढून घेण्याची नव्हे. लिनक्सने दोन्ही बाजू हाताळल्या. त्याच्या २.६ या मालिकेतल्या या भागाच्या दस्तऐवजात रस्टी रसेल यांच्या बरोबरीने श्रीवत्स वड्डागिरी, अशोक राज अशी भारतीय नावेही आहेत.

हे सगळे प्रत्यक्षात कुठे वापरले जाते, असे तुम्ही विचाराल. सुरुवात झाली ती कपाटाएवढ्या महागड्या यंत्रांपासून. १९९७ साली आलेल्या सन कंपनीच्या एंटरप्राइज १०००० या यंत्रात प्रोसेसरांचे अख्खे बोर्ड चालू कामात जोडता-काढता येत. साध्या सर्व्हरांत मात्र अशी सोय क्वचितच असते, आणि झाकण उघडून चालू यंत्रात प्रोसेसर खोचण्याचा प्रयोग कुणी घरी करू नये! प्रोसेसरही जाईल आणि मदरबोर्डही.

पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदलले. आता पुष्कळशी कामे आभासी यंत्रांवर चालतात. एका मोठ्या खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक काल्पनिक यंत्रे, आणि प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र संगणक आहोत. तिथे प्रोसेसर हा खोचायचा नसतो, मंजूर करायचा असतो. घंटा खोटी, दार खोटे, व्यवस्थापकही सॉफ्टवेअरनेच उभा केलेला. पण चिठ्ठ्या त्याच, भाषा तीच आणि क्रमही तोच! २००९मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४मध्ये चालू आभासी यंत्राला प्रोसेसर जोडण्याची सोय आली. मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम घराण्याच्या प्रोसेसरांवरच्या आभासी यंत्रांसाठी अशी सोय लिनक्समध्ये २०२४ साली आली. सकाळी अकराला रांग वाढली, दोन प्रोसेसर वाढवले. रांगेतल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आणि घरच्या लॅपटॉपचे काय? लिनक्सवरचा लॅपटॉप जेव्हा गाढ झोपेच्या प्रकारात जातो, तेव्हा एक सोडून बाकीचे सगळे प्रोसेसर याच पद्धतीने आधी कामातून मोकळे केले जातात. झाकण उघडले की एकेक परत रुजू होतो. मोठ्या यंत्रांसाठी बांधलेला रस्ता असा रोज आपल्या मांडीवर वापरला जातो.

अर्थात या सोयीला मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा अशी की ऐनवेळी जागा निर्माण करता येत नाही. केटररने सकाळी बारा जणांच्या हिशेबाने ताटे, टोप्या, क्रमांक आणले असतील तर तेरावा आला तरी उपयोग नाही. संचालन प्रणाली सुरू होतानाच ठरवते की जास्तीत जास्त किती प्रोसेसर येऊ शकतील, आणि तेवढ्यांची तयारी करून ठेवते. हा आकडा तिला कोण सांगते? पुन्हा फर्मवेअरच. पण यादीत 'बंद' असे लिहिलेली जागा पुढे भरणार आहे की कायमची रिकामी आहे, हे बराच काळ स्पष्ट लिहिले जात नसे. त्यामुळे कधी न येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाट मांडून ठेवले जात. 'आज बंद, पण उद्या सुरू होऊ शकेल' अशी वेगळी खूण एसीपीआयच्या २०१९च्या आवृत्तीत आली. व्हीएमवेअरमध्येसुद्धा ही सोय आधीच, यंत्र बंद असताना, चालू करून ठेवावी लागते.

दुसरी मर्यादा प्रोग्रामांची. अनेक प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर मोजतात आणि तेवढ्यांनाच धरून बसतात. नंतर आलेल्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत.

तिसरी मर्यादा सगळ्यांत जुनी. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली दाखवून दिले की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही प्रोसेसर आणले तरी लवकर होत नाही. वाढपी दुप्पट केले म्हणून वरण लवकर शिजत नाही.

याच बाबतीत आपल्या भागातल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, शिकलेले डॉ. विजय भटकर. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे, हा त्यामागचा मार्ग होता. तो प्रकार आजच्या विषयापेक्षा वेगळा. पण धडा तोच: हात वाढवणे सोपे, हातांचा मेळ घालणे हे खरे काम.

आणि मेळ घालणारा बहुतेक वेळा दिसत नाही. आपण संगणक घेताना प्रोसेसर कोणता ते विचारतो, स्मृती किती ते विचारतो. फर्मवेअर कोणत्या आवृत्तीचे आहे, त्याच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे कुणी विचारत नाही. व्यवस्थापकाची चिठ्ठी चुकीची असेल तर केटरर कितीही हुशार असो, तो चुकीचेच दार उघडणार. म्हणून रुग्णालय, बँक, विद्यापीठ अशा ठिकाणी यंत्रखरेदीच्या कागदावर ज्यांची सही होते त्यांना माझे सांगणे आहे. तीन प्रश्न जरूर विचारा. हे यंत्र न थांबवता वाढवता येईल का? त्यासाठी आजच काय तयारी करून ठेवायला हवी? आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कुणाची? जो बदल करणार तो आधी दुसऱ्या यंत्रावर करून पाहिला आहे का, हा चौथा प्रश्न मी माझ्या अनुभवातून जोडतो.

त्या रात्री मी यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. 'दोन तास' असे लिहून मोकळा झालो होतो. यंत्राला बंद ठेवण्याचा वेळ आपण मिनिटांत मोजतो. आरमोरीच्या त्या बाबांच्या लेखी तो वेळ एका चुकलेल्या यष्टीचा आणि परक्या गावातल्या एका रात्रीचा होता. चालू यंत्रात प्रोसेसर कसा जोडावा, यासाठी जगभरच्या अभियंत्यांनी इतकी वर्षे डोके का चालवले, याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकाच्या आधी त्या बाबांनी दिले होते. मशीन निजली काय जी, हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागू नये, एवढ्यासाठी.